फोकस म्हणजे चूल!

मैत्रिणींनो, आपल्या घरात रोज किती इंग्रजी शब्द येतात आणि मुक्काम ठोकतात, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. टेन्शन, ॲडजस्ट, टाइमपास हे तर आता घरचेच झालेत. त्यांच्या पंगतीला अलीकडे आणखी एक पाहुणा येऊन बसलाय आणि तो उठायचं नाव घेत नाही. त्याचं नाव फोकस.

"परीक्षा तोंडावर आलीय, जरा फोकस कर." "मोबाइल ठेव बाजूला, फोकस हलतोय तुझा." "शेजारच्या वहिनींची मुलगी बघ, किती फोकस्ड आहे!" दहावी-बारावीचं लेकरू ज्या घरात आहे, त्या घरात ही वाक्यं दिवसातून दहा वेळा ऐकू येतात. आमच्या छत्रपती संभाजीनगरात तर उस्मानपुऱ्यापासून सिडकोपर्यंत क्लासेसच्या पाट्या बघत जा, निम्म्या पाट्यांना या शब्दाशिवाय चैनच पडत नाही.

पण हा शब्द आपल्याकडे क्लासमधून आलेला नाही. तो आला फोटो स्टुडिओतून. काळ्या कपड्यात डोकं खुपसून फोटोग्राफर ओरडायचा, "हलू नका, फोकस जाईल!" आणि आपण सगळे श्वास रोखून बसायचो. मग लग्नात व्हिडिओ शूटिंग आलं आणि त्याच्यासोबत तो डोळे दिपवणारा दिवा धरून उभा राहणारा पोरगा आला. त्या दिव्याचंच नाव फोकस पडलं. नवरीच्या कपाळावरचा घाम त्या फोकसनं जितका आणला, तितका उन्हाळ्यानंही आणला नसेल. आता इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन "पन्नास वॅटचा एक फोकस द्या" म्हटलं, की दुकानदार बरोबर तो चौकोनी एलईडी दिवा काढून देतो. रात्री शेतात राखणीला गेलेला माणूस बॅटरीचा फोकस मारतो. पुढारी फोकसमध्ये राहायला बघतात. म्हणजे एकच शब्द दिव्यालाही आणि अभ्यासालाही, पुढाऱ्यालाही आणि फोटोलाही.

माझ्या सासूबाई एकदा नातवाला म्हणाल्या, "आमच्या टायमाला अभ्यासाला फोक असायचा, आता फोकस आला." निरगुडीचा ओला फोक मास्तरांच्या हातात कसा लवलवायचा, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या वाक्यातली गंमत कळेल.

बरं, आपल्याकडे या अर्थाचे शब्द नव्हते असंही नाही. उलट ढीगभर आहेत, आणि प्रत्येकाचा पोत वेगळा. लक्ष हा शब्दच घ्या. लक्ष देणं वेगळं, लक्ष ठेवणं वेगळं, लक्ष घालणं तर आणखीच वेगळं. शिक्षकाकडे लक्ष द्यायचं, दुधावर लक्ष ठेवायचं आणि दिराच्या भांडणात लक्ष घालायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कुणाची वाट पाहत असलो की लक्ष लागतं. मन उडालं की लक्ष लागत नाही. ध्यान म्हटलं तर डोळे मिटलेला साधू आठवतो, आणि केस पिंजारून कुणी समोर आलं की "काय ध्यान आहे!" म्हणायलाही तोच शब्द. मराठवाड्यात तर लक्षापेक्षा ध्यानच जास्त चालतं. "भाकरीवर ध्यान ठेव गं!" मग चित्त आहे, ते बहुतेक वेळा थाऱ्यावर नसतं. अवधान आहे, ते पुस्तकात राहतं. एकाग्रता भाषणात राहते.

इतके शब्द असताना फोकसनं बाजी मारली कशी? मला वाटतं, त्याच्यात एक कडकपणा आहे. लक्ष आपण थोडं इकडे, थोडं तिकडे देऊ शकतो. फोकसला मात्र वाटण्या चालत नाहीत. दिव्याचा झोत जिथं पडेल तिथं उजेड, बाकी सगळीकडे अंधार. स्पर्धा परीक्षेच्या जगाला असाच शब्द हवा होता.

मी कला शाखेची पदवीधर. इंग्रजी शब्द कुठून आले हे शब्दकोशात शोधत बसायची खोड कॉलेजात लागली ती लागलीच. हा शब्द उघडून पाहिला आणि हसूच आलं. फोकस हा मूळचा लॅटिन शब्द. रोमन लोकांच्या भाषेत त्याचा अर्थ आहे घरातली चूल! लेन्स नाही, दिवा नाही, अभ्यास तर नाहीच नाही. घराच्या मध्यावरची, जिच्याभोवती सगळं कुटुंब जमायचं ती चूल. रोमन लोकांची व्हेस्टा नावाची चुलीची देवीच होती, आणि रोम शहरातल्या तिच्या देवळातला विस्तव विझू न देणं हे तिथल्या पुजारिणींचं काम होतं.

म्हणजे आपण मुलीला म्हणतो, "स्वयंपाकघरात लुडबुड करू नकोस, अभ्यासावर फोकस कर", तेव्हा शब्दशः काय म्हणतो बघा. चुलीपासून ऊठ आणि चूल कर!

या चुलीचं गोत फार मोठं आहे. फ्रेंचमध्ये फॉयर म्हणजे चूलही आणि घरही. आपल्या नाट्यगृहात तिकीट फाडल्यावर ज्या मोकळ्या दालनात आपण वडापाव खातो, ते फॉयर तेच. गाडीत भरतो ते फ्युएल, म्हणजे जळण, तेही याच घरातलं. फायर मात्र दिसायला जवळचा असून वेगळ्या कुळातला आहे, त्याचं याच्याशी नातं नाही. पण मला सगळ्यात चकित केलं ते कर्फ्यूनं. हा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या दोन शब्दांचा, अर्थ "विस्तव झाका". त्यातला विस्तव याच लॅटिन चुलीपासून आलेला. युरोपातल्या गावांत रात्री ठरलेल्या वेळी घंटा व्हायची आणि सगळ्यांनी चुली झाकून झोपायचं, कारण लाकडाच्या घरांना आग लागली तर गावच जायचं. पुढे घंटा गेली, चूल गेली, आणि "घराबाहेर पडू नका" एवढाच अर्थ उरला. कर्फ्यू आमच्या शहराला नवा नाही. पण २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूपासून पुढे जे महिने गेले, त्यांत बाहेर सगळं झाकलं गेलं आणि घरातली चूल तेवढी सकाळपासून रात्रीपर्यंत पेटलेली राहिली, हे तुम्ही-मी दोघींनीही अनुभवलंय. शब्दाच्या अगदी उलट झालं.

आपल्याकडेही हे झाकणं होतंच की. माझी आजी रात्री चुलीतला विस्तव राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख बाजूला केली की लाल निखारा हसत बाहेर यायचा. कधी विझलाच तर गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी विस्तव मागायला जायचं. आणि चूलबंद आवतण? गावात कुणाकडे मोठं कार्य असलं की सगळ्या घराला जेवायला बोलावणं, त्या दिवशी आपली चूल पेटवायचीच नाही. बायकांच्या वाट्याला येणाऱ्या सुट्टीचं इतकं सुंदर नाव दुसऱ्या कुठल्या भाषेत असेल असं मला तरी वाटत नाही.

आता ही चूल शास्त्रात कशी शिरली ते बघू. जर्मनीत योहानेस केप्लर नावाचा मोठा खगोलशास्त्रज्ञ होऊन गेला. प्रकाशावर लिहिलेल्या आपल्या १६०४ च्या पुस्तकात त्यानं पहिल्यांदा फोकस हा शब्द गणितातल्या एका बिंदूसाठी वापरला. भिंग उन्हात धरून आपण लहानपणी कागद जाळायचो ना? सूर्याचे किरण एका ठिपक्यावर गोळा होतात आणि तिथून धूर निघायला लागतो. जिथं सगळं एकत्र येतं आणि जिथं जाळ होतो, ती जागा म्हणजे चूल. शब्द अगदी चपखल बसला.

या केप्लरच्या आईची गोष्ट मात्र शाळेत कुणी सांगत नाही. तिचं नाव कॅथरिना. जडीबुटीची औषधं देणारी, तोंडानं फटकळ, नवरा सोडून गेलेली बाई. १६१५ मध्ये गावातल्या एका बाईनं आरोप केला, की हिनं दिलेलं कडू पेय पिऊन मी आजारी पडले, ही चेटकीण आहे. प्रकरण वाढत गेलं आणि १६२० मध्ये सत्तरी ओलांडलेल्या या म्हातारीला पकडून साखळीनं बांधून ठेवलं. केप्लर आपलं काम टाकून दूरच्या गावाहून तिथं गेला. वकिलासोबत बसून त्यानं आईच्या बचावाची लांबलचक कागदपत्रं तयार केली. छळाची हत्यारं समोर मांडून दाखवली तरी म्हातारीनं कबुली दिली नाही. १६२१ मध्ये ती सुटली आणि पुढच्याच वर्षी वारली. हे वाचून आपण मागासलेल्या काळाबद्दल चुकचुकतो खरं, पण बाईला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार आपल्याच राज्यात होत होते आणि जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडावं लागलं, हेही आठवायला हवं. फोकस या शब्दाला आजचा अर्थ देणाऱ्या माणसानं स्वतःचा फोकस हलवून आईसाठी एवढं केलं, ही गोष्ट मला त्याच्या गणिताइतकीच मोठी वाटते.

केप्लरची ही चूल मराठी पाठ्यपुस्तकात आली तेव्हा तिचं नाव झालं नाभी. दहावीचं विज्ञानाचं पुस्तक काढा, त्यात भिंगांच्या धड्यात मुख्य नाभी आणि नाभीय अंतर हे शब्द आहेत. नाभी म्हणजे बेंबी. तिकडच्यांनी चूल घेतली, आपण बेंबी घेतली. आईच्या पोटाशी ज्या जागी आपण जोडलेले होतो ती जागा! दोन्ही शब्द बाईच्याच आसपासचे निघाले.

शिर्डी इथून काही फार लांब नाही, तुमच्यापैकी कित्येकजणी जाऊन आल्या असतील. तिथल्या प्रसादालयाच्या छतावर २००९ मध्ये भल्यामोठ्या ७३ आरसेदार तबकड्या बसवल्या गेल्या. वोल्फगांग शेफलर नावाच्या माणसानं शोधलेली ही पद्धत. तबकडी सूर्याकडे वळत राहते, सगळं ऊन तिच्या नाभीवर गोळा होतं, तिथं पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर हजारो लोकांचा स्वयंपाक शिजतो. चारशे वर्षं शास्त्राच्या पुस्तकात फिरून फोकस अशा रीतीनं पुन्हा चुलीवर आला.

आता एक गंमत करून बघा. पुठ्ठ्यावर दोन खिळे थोड्या अंतरावर ठोका. दोऱ्याचं सैलसर कडं करून त्या दोन्हींभोवती घाला, पेन्सिलीनं दोरा ताणा आणि ताणूनच फिरवत न्या. अंड्यासारखा लांबट गोल निघेल. त्याला लंबवर्तुळ म्हणतात. खिळे जवळ आणले की ते गोल होत जातं, लांब नेले की चपटं होतं. रांगोळी काढणाऱ्या हाताला हे समजावून सांगायची गरज नाही. ग्रह सूर्याभोवती याच आकारात फिरतात, असं केप्लरनं १६०९ मध्ये सांगितलं. त्या आकाराला दोन नाभी असतात, म्हणजे दोन फोकस. एका नाभीवर सूर्य. दुसरी नाभी रिकामी. तिच्यावर काहीच नसतं, पण तो दुसरा खिळा काढला तर आकार उरत नाही.

हे वाचताना मला आपल्या जनाबाई आठवल्या. परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे त्यांचं गाव. नामदेवांच्या घरी दळणकांडण करत त्यांनी अभंग रचले. त्यांच्या एका अभंगात पिलांसाठी चारा आणायला लांब गेलेला पक्षी आहे, आभाळातली घार आहे आणि कामाला जुंपलेली आईही आहे. हात एकीकडे आणि जीव दुसरीकडे. जनाबाईंना ही माया विठ्ठलाची म्हणून सांगायची होती. पण हे दृश्य त्यांना सुचलं ते जात्यावर बसून, हे विसरून चालणार नाही. आपलं सगळ्यांचं आयुष्य याच दोन खिळ्यांच्या दोऱ्यावर फिरतं. पोळी लाटताना कान दाराच्या बेलकडे, मीटिंगमध्ये बसलो तर डोळा घड्याळाकडे, देवळात गेलो तर मन गॅस बंद केला का याच्याकडे.

याचं कौतुक फार होतं. "बायकांना एका वेळी दहा कामं जमतात." मला हे कौतुक ऐकलं की थोडी शंका येते, कारण ते करणारा बहुतेक वेळा सोफ्यावर बसलेला असतो. आपला डोळासुद्धा एका वेळी दोन ठिकाणी फोकस करू शकत नाही हो. एक डोळा मिटा, दुसऱ्यासमोर बोट धरा आणि खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघा. झाड स्पष्ट दिसेल, बोट धुरकट. बोटाकडे बघितलं की झाड गेलं. जवळचं बघायला डोळ्यातलं भिंग फुगतं, लांबचं बघायला चपटं होतं. वय वाढलं की त्याची लवचिकता कमी होते आणि सुईत दोरा ओवायचा म्हटलं की हात लांब लांब जायला लागतो. त्या चष्म्याला आपण चाळीशी म्हणतो. माझ्या नाकावर ती दोन वर्षांपूर्वी येऊन बसली आणि तेव्हापासून तांदळातले खडे पुन्हा माझ्याशी बोलायला लागलेत.

मनाचंही असंच आहे. एका कामातून उठून दुसऱ्याकडे गेलं तरी पहिल्याचा थोडा अंश मनात चिकटून राहतो, असं सोफी लिरॉय नावाच्या अभ्यासक बाईंनी २००९ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. मी याला लक्षाचं खरकटं म्हणते. ताट उचललं तरी खरकटं तिथंच. पुढचं काम त्या खरकट्यावरच वाढून घ्यावं लागतं. दिवसात पन्नास वेळा उठणाऱ्या बाईच्या मनावर किती थर साचत असतील, याचा विचार करा.

आकडे बघायचे तर केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं लोक चोवीस तास कशात घालवतात याची पाहणी केली आहे. २०१९ च्या पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे रोज सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होते. जे पुरुष अशी कामं करतात त्यांची ९७ मिनिटं. २०२४ मध्ये पुन्हा मोजलं तेव्हा बायकांची झाली २८९ आणि पुरुषांची ८८. आपली दहा मिनिटं वाचली म्हणून आनंद मानावा, तर त्यांचीही नऊ वाचली! आणि ही नुसती मिनिटं आहेत. ती सलग मिळाली की तुकड्या-तुकड्यांनी, हा प्रश्न वेगळाच.

आपल्या इतिहासात एका मुलीवर फोकस करण्याची सक्ती झाली होती. आनंदीबाई जोशी, वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणारी पहिल्या काहींमधली भारतीय स्त्री. १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आधीच ती गेली. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेनं १८८८ मध्ये लिहिलेल्या तिच्या चरित्रात एक प्रसंग आहे. छोटी आनंदी अभ्यास सोडून आजीला स्वयंपाकात मदत करताना दिसली म्हणून गोपाळरावांनी तिला मारलं. शेजारीपाजारी थक्क झाले. स्वयंपाक केला नाही म्हणून बायकोला मारणारे नवरे सगळ्यांच्या माहितीतले होते, स्वयंपाक केला म्हणून मारणारा हा पहिलाच. गोपाळरावांच्या तळमळीबद्दल पुष्कळ लिहून आलंय. पण मला वाटतं, त्या पोरीला चुलीपाशी मार आणि पुस्तकापाशीही मार. आपलं लक्ष कुठं लावायचं हे ठरवायची मुभा तिला दोन्हीकडे नव्हती.

आज मारत कुणी नाही. पण एका घरातली बहीणभावंडं बघा. भाऊ अभ्यासाला बसला की दार लोटलं जातं, टीव्हीचा आवाज बारीक होतो. "त्याचा फोकस जाईल." बहीण अभ्यासाला बसते ती ओट्याजवळ, कारण तिथून कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. मोबाइलमध्ये आता फोकस मोड नावाचं बटण असतं, दाबलं की बाकीच्या घंटा गप्प. कुकरच्या शिट्टीला तसं बटण अजून कुणी काढलेलं नाही. आणि ज्या मुलाचा फोकस उत्तम असतो, त्याच्या ताटात गरम पोळी आणून ठेवणारं कुणीतरी असतंच. तो फोकस त्याच्या एकट्याचा नसतो.

शहराच्या कडेला एक वस्ती आहे, तिथल्या बचत गटांसोबत मी काही वर्षं काम करते. आमच्या समाजकार्याच्या भाषेत फोकस ग्रुप नावाचा एक प्रकार असतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञानं १९४० च्या दशकात ही रीत मांडली. एका विषयावर आठ-दहा जणांना बसवायचं, बोलतं करायचं आणि ऐकायचं. आम्ही गोल करून बसलो आणि मी विचारलं, "दिवसात सलग किती वेळ तुम्ही एकाच कामात असता?" आधी कुणाला प्रश्नच कळेना. मग एक ताई म्हणाल्या, "सलग? झोपेत बी नाही बाई. नळाला पाणी कधी येईल, कान तिकडंच." सगळ्या हसल्या. हसता हसता दोघी-तिघी गप्प झाल्या.

मग विषय मुलींवर गेला. एकीची मुलगी बारावी सायन्सला. आई म्हणाली, "ती अभ्यासच करायलीय की. फकस्त भाकरीवर ध्यान ठेव म्हणलं." मी विचारलं, "आणि भाऊ?" "त्यो बी करतो. पण त्याला कसं सांगावं भाकरीचं?" त्यावर पलीकडची आजी म्हणाली, "कामून नाही सांगावं? त्याला हात नाहीत का?" एवढ्या एका वाक्यावर तासभर वाद झाला. कुणी म्हणालं, पोरीला सासरी जायचंय, काम आलंच पाहिजे. कुणी म्हणालं, काम शिकायला सुट्ट्या पडल्यात, परीक्षेच्याच महिन्यात कशाला? एका ताईंनी स्वतःचं सांगितलं. दहावीला गणितात चार मार्कांनी गेली होती. पुन्हा बसायचं म्हणत म्हणत लग्न झालं. "आजबी त्ये चार मार्क मला दिसत्यात," म्हणाल्या.

त्या बैठकीतून एक ठरलं. वस्तीतलं समाजमंदिर संध्याकाळी रिकामंच असतं. साडेपाच ते साडेसात, हे दोन तास मुलींसाठी. नेमकी ही भाकरीची वेळ, म्हणूनच ही निवडली. गटाच्या दंडाच्या पैशांतून एक एलईडी फोकस आणून भिंतीवर लावला, कारण तिथल्या बल्बचा उजेड वहीपर्यंत पोचतच नव्हता. रोज एक आई दारात बसते. तिचं काम एकच, कुणी पोरीला बोलवायला आलं तर परत पाठवायचं.

पहिल्या आठवड्यात सात मुली आल्या. तिसऱ्या आठवड्यात चारच उरल्या, कारण घरोघरी कुरकुर सुरू झाली. मग त्या आजीच उठल्या आणि घरोघरी फिरल्या. आता अकरा येतात. दोन घरांनी अजून होकार दिलेला नाही. त्यातल्या एका मुलीचा भाऊ परवा स्वतःहून समाजमंदिरात येऊन विचारून गेला, की सात वाजता एकदाच बहिणीला नेलं आणि भाकरी झाल्यावर परत आणून सोडलं तर चालेल का. दारात बसलेल्या ताईंनी त्याला विचारलं, "पीठ मळता येतं का तुला?" तो मान खाली घालून निघून गेला. शनिवारी त्याच्या आईला भेटायला आजी आणि मी जाणार आहोत.